वस्तीतला बॉक्सिंग क्लास: पोराला घालायचं का, आपणही जायचं का, सगळं लिहितेय

पुण्यात आमच्या खडकी-बोपोडी-दापोडी पट्ट्यातल्या एका बॉक्सिंग क्लासबद्दल लिहितेय. मुलगा तिथे जातो आणि आता सकाळच्या बॅचला मीपण जाते, म्हणजे दोन्ही बाजूंनी बघून झालंय. क्लासचं नाव टाकत नाही कारण खाली तक्रारीपण आहेत आणि आमचे सर व्हॉट्सॲपवर फिरणारं सगळं वाचतात, पण आसपास राहणाऱ्यांना दोन ओळीत कळेलच कुठला ते. आधीच निकाल सांगून टाकते म्हणजे पूर्ण वाचायला वेळ नसेल त्यांचं काम झालं: शिकवणं एक नंबर, जागा बेकार, फी परवडणारी, आणि मुलांना मार लागेल म्हणून घाबरत असाल तर त्याचं उत्तर ग्लव्हज किती महागाचे यात नाहीये, सर कुणाला कधी रिंगमध्ये सोडतात यात आहे. मी या क्लासला पाचपैकी चार देते ते फक्त या एका गोष्टीसाठी, बाकी बघितलं तर अडीचच्या वर जात नाही.

जागा म्हणजे महापालिकेच्या व्यायामशाळेचा वरचा मजला. पत्र्याचं छप्पर, एप्रिल-मे मध्ये संध्याकाळी पाचलासुद्धा आत तवा तापलेला असतो, पंखे चार आहेत त्यातले दोन फिरतात. रिंग आहे पण पूर्ण मापाची नाही, स्पर्धेची रिंग दोरांच्या आत सहा मीटरच्या थोडी वर म्हणजे वीस फुटी असते, आमची पंधराची असेल नसेल आणि एका कोपऱ्यात इमारतीचा खांबच मध्ये येतो, त्याला जुनी गादी गुंडाळून वरून सुतळी बांधलीये. दोर चार पाहिजेत तिथे तीन. ठोसे मारायच्या टांगलेल्या बॅगा सहा, त्यातली एक फाटून खाली चिंध्या येतात, मुलं तिला आजीबाई म्हणतात. हे सगळं बघून पहिल्या दिवशी नवऱ्याचं तोंड असं झालं होतं की मी काही विचारलंच नाही. फी मुलांना महिना सातशे आणि मोठ्यांना हजार, दोन भावंडं असतील तर दुसऱ्याचे अर्धे, आणि ज्यांना जमत नाही त्यांच्याकडून सर घेतच नाहीत, हे ते सांगत नाहीत, आम्हाला मागाहून कळलं. त्या बदल्यात ती मुलं आधी येऊन झाडू मारतात वगैरे असलंपण काही नाही, झाडू सगळ्यांनाच आहे, वारांप्रमाणे, माझ्या पोराचा गुरुवार आहे. घरी ताट उचलून ठेवत नाही तो तिथे लादी पुसतो, असो.

आता शिकवण्याबद्दल. नव्या मुलाला पहिले कित्येक दिवस ग्लव्हज घालूच देत नाहीत. उभं कसं राहायचं हेच चालू असतं. डावा पाय पुढे, उजवा मागे, मागची टाच उचललेली, हनुवटी खाली, कोपरं बरगडीला, आणि मग पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे सरकायचं पण पाय एकमेकांवरून न्यायचे नाहीत. पाय क्रॉस झाला की सर जाता जाता खांद्याला नुसतं बोट लावतात आणि पोरगं धडपडतं, मग त्याला न सांगता कळतं का नाही करायचं ते. डावरा असेल तर सगळं उलटं, त्याला साऊथपॉ म्हणतात, आणि बऱ्याच ठिकाणी डावऱ्या मुलालापण उजव्यासारखं उभं करतात तसं इथे करत नाहीत हे मला आवडलं. मग नुसता जॅब. पुढच्या हाताचा सरळ ठोसा, जाताना मूठ वळवायची आणि ज्या वाटेने गेला त्याच वाटेने परत गालाशी आणायचा. एवढंच, दिवसेंदिवस. माझं पोरगं वैतागलं होतं, घरी येऊन म्हणायचं आई हे काय नुसतं एकच, यूट्यूबवर तर बघ काय काय करतात. बरीच मुलं याच टप्प्यावर गळतात आणि सरांना त्याचं फारसं वाईट वाटताना दिसत नाही.

याच्या अगदी उलट अनुभव मला आधी एका चकाचक फिटनेस स्टुडिओत आला होता, दुसऱ्या भागात आहे, तिथे बॉक्सिंगचा तास म्हणून महिन्याला चार हजार घ्यायचे. निळे लाईट, मोठ्ठं म्युझिक, पहिल्याच दिवशी ग्लव्हज हातात आणि बॅगवर धाड धाड, कॅलरी किती गेल्या ते स्क्रीनवर. घाम भरपूर, मजा पण येते खोटं कशाला बोलू, पण माझं मनगट वाकडं पडतंय हे तिथे एकदाही कुणी सांगितलं नाही, मनगट सुजलं तेव्हा म्हणे बर्फ लावा. इथे आल्यावर सरांनी पहिल्या ठोशाला हात पकडला आणि म्हणाले, "मॅडम, हे असं मारलं तर समोरच्याला नाही, तुम्हाला प्लास्टर लागेल." मनगट आणि मूठ एका रेषेत, मार लागला पाहिजे तो पहिल्या दोन बोटांच्या गाठींवर, करंगळीकडच्या बाजूने बसला की हाताचं हाड जातं. ही माहिती चार हजारात मिळाली नव्हती. अर्थात ज्यांना नुसतं वजन कमी करायचंय आणि एसी पाहिजे त्यांनी खुशाल तिकडे जावं, इथे एसी सोडा, पाण्याचा माठ आहे आणि ग्लास साखळीला बांधलेला आहे.

सर फौजेतून रिटायर झालेले. पुण्यात हे तसं नवल नाही, मुंढव्याच्या बाजूला आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे, तिथे बॉक्सिंग हा मोठा खेळ, आणि आपल्या देशात बॉक्सिंग टिकलं ते बरंचसं फौज, रेल्वे, पोलीस यांच्या जिवावर. त्यामुळे भाषा अर्धी मराठी अर्धी फौजी हिंदी, "गार्ड ऊपर", "हनुवटी लपव", "सांस छोड", ठोसा मारताना नाकातून श्वास सोडायचा तो फुस्स आवाज अख्ख्या हॉलमध्ये चालू असतो. ओरडतात, हो. पण शिवी नाही आणि हात उचलणं नाही. एकदा एका वडिलांनी स्वतःच्या मुलाला सगळ्यांसमोर टपली मारली, जोरात नाही, तर सर त्यांना जिन्यापर्यंत सोडून आले आणि परत येऊन जिथे थांबले होते तिथून सुरू.

नवीन मुलगा आला की सर एकच प्रश्न विचारतात, कुणाला मारायचंय. आणि खरं सांगायचं तर निम्मी मुलं कुणाला तरी मारायचंय म्हणूनच येतात, शाळेत कुणी त्रास देतं, गल्लीत कुणी मोबाईल हिसकावलेला असतो. मग ते मुहम्मद अलीची सायकलची गोष्ट सांगतात. १९५४ मध्ये अमेरिकेत लुईव्हिल गावात बारा वर्षांच्या कॅशियस क्लेची नवी सायकल चोरीला गेली, तो रडत रडत पोलिसाकडे गेला आणि म्हणाला चोर सापडला की मी त्याला बदडणार, तो पोलीस जो मार्टिन, ड्युटी संपल्यावर मुलांना बॉक्सिंग शिकवायचा, तो म्हणाला बदडायच्या आधी बदडायचं कसं ते शीक. पुढे तो क्ले १९६० च्या रोम ऑलिंपिकला गोल्ड घेऊन आला आणि मुहम्मद अली झाला. मी ही गोष्ट इतक्यांदा ऐकलीये की आता सर पाणी प्यायला थांबले तर पुढचं मी सांगू शकते. पण मुलांवर परिणाम होतो हे मात्र खरं. सर शेवटी विचारतात, चोर सापडला का? मुलं विचार करतात, कुणालाच माहीत नसतं. सर म्हणतात त्यालापण नंतर त्याचं काही पडलं नव्हतं. आणि नियम एकच, बाहेर भांडणात हात चालवल्याचं कळलं तर महिनाभर रिंग बंद. क्लास बंद नाही हां, हे लक्षात घ्या, यायचं रोज, स्किपिंग करायचं, शॅडो म्हणजे हवेत ठोसे मारायचा सराव करायचा, झाडू मारायचा, फक्त रिंगमध्ये पाय नाही. एका दहावीच्या मुलाला अशी शिक्षा झाली होती तेव्हा तो रोज येऊन दोरांच्या बाहेर बसून बघायचा, मला वाटलं सोडून जाईल. नाही गेला.

आता सगळ्या आयांचा प्रश्न, डोक्याला लागलं तर. मला पण हाच होता आणि मी सरांना सरळ विचारलं. ते म्हणाले लागतं, खोटं सांगणार नाही, म्हणून तर घाई करत नाही. स्पारिंग म्हणजे समोरासमोर खेळायला निदान चार-सहा महिने लागतात, काहींना वर्ष. सुरुवातीला फक्त जॅब आणि तोही खांद्यावर किंवा पोटावर, डोक्याला हात लावायचाच नाही. मग डोक्यावर पण हलका. वजनात आणि वयात फार फरक असेल तर जोडी लावत नाहीत, आणि दोघांपैकी एकाचं डोकं तापलंय असं दिसलं की शिट्टी, दोघंही बाहेर, मग चूक कुणाचीही असो. हेडगार्ड सक्तीचा आहे पण सर स्वतःच सांगतात की हेडगार्डवर विसंबू नका, त्याने भुवई फुटत नाही, कान वाचतो, पण मेंदू आत हलायचा तो हलतोच. आंतरराष्ट्रीय बॉक्सिंगमध्ये मोठ्या पुरुषांचा हेडगार्ड २०१३ पासून काढूनच टाकला, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला पुरुष उघड्या डोक्याने खेळले ते टीव्हीवर बघितलं असेल, बायकांना आणि लहानांना मात्र तो ठेवला. म्हणजे ज्यांना वाटतं महागातला हेडगार्ड घेतला की झालं त्यांनी हे वाचा परत. डोक्याला जोरात बसलं आणि मुलगा जरा जरी भेलकांडला, गोंधळून बोलला, मळमळ म्हणाला, तर त्या दिवशी बंद आणि डॉक्टरची चिठ्ठी आणल्याशिवाय परत स्पारिंग नाही. स्पर्धेतसुद्धा डोक्याला बसून नॉकआऊट झाला तर किमान तीस दिवस खेळता येत नाही असा नियम आहे, सर तोच इथे लावतात. तुम्ही कुठल्याही क्लासला चौकशीला गेलात तर एवढंच विचारा की स्पारिंग कधीपासून. "पुढच्या आठवड्यापासून" असं कौतुकाने सांगितलं तर चहा पिऊन घरी या.

मुलींबद्दल वेगळं लिहिते कारण मला दोघी-तिघींनी मेसेज करून विचारलंय. मुली आहेत, संध्याकाळच्या बॅचमध्ये वीस-बावीस मुलांत सात-आठ असतील. भिंतीवर मेरी कोमचा जुना फोटो आहे आणि त्याच्या बाजूला नागपूरच्या अल्फिया पठाणचा, २०२१ ला पोलंडमध्ये युवा जागतिक स्पर्धेत ती ८१ किलोच्या वरच्या गटात विश्वविजेती झाली, वर्तमानपत्रातलं कात्रण लॅमिनेट करून लावलंय. आपल्याकडे उंच, दणकट मुलगी असली की घरचे आधी तिला बारीक करायला बघतात, इथे सर म्हणतात हेवी गटात मुली कमी आहेत, ये. एका मुलीच्या आईला मी हे ऐकताना बघितलंय, काय बोलावं तेच तिला कळेना. मुला-मुलींचं ड्रिल एकत्र, स्पारिंग मुलीचं मुलीशीच, आणि मुली कमी असल्यामुळे जोड्या नीट लागत नाहीत हा प्रॉब्लेम आहेच, एक पंचेचाळीस किलोची मुलगी आहे तिला तिच्या मापाचं कुणीच नाही, तिचं सगळं पॅडवरच, म्हणजे शिकवणाऱ्याने हातात धरलेल्या गादीवर ठोसे मारणंच चालू आहे. एक सीनियर ताई आहे, राज्य पातळीवर खेळलेली, ती मुलींच्या बॅचला असते आणि पाळीच्या दिवसात काय करायचं काय नाही हे मुली तिच्याशी बोलू शकतात, ही फार मोठी गोष्ट आहे. पण कपडे बदलायला खोली नाही! खाली व्यायामशाळेत एकच टॉयलेट, त्याला कडी धड नाही, मुली घरून ट्रॅक घालून येतात आणि घामाच्या कपड्यातच बसने परत जातात. यावर पालकांनी वॉर्ड ऑफिसला अर्ज देऊन झाला, तोंडी सांगून झालं, कडी अजून नाही. शेवटी ताईने स्वतः बाजारातून कडी आणून लावली, ती पण आता हलतेय.

आता खरी तक्रार. जिल्ह्याच्या स्पर्धेच्या आधी मुलांचं वजन उतरवायचा जो प्रकार चालतो तो मला अजिबात पटलेला नाही. बॉक्सिंगमध्ये वजनाचे गट असतात, खालच्या गटात बसलं की समोरचा त्या मानाने छोटा मिळतो हे गणित, त्यामुळे दोन किलो उतरव म्हणतात. यात सरांपेक्षा त्यांचा असिस्टंट दादा पुढे, तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना दोन-दोन टीशर्ट आणि वर प्लॅस्टिकचं जॅकेट घालून पळवणं, रात्री जेवू नको, पाणी नुसतं गुळणी करून थूक. माझा मुलगा आदल्या रात्री भाकरीकडे बघत बसला होता, मी सरळ वाढलं आणि दुसऱ्या दिवशी वरच्या गटात नाव टाकायला लावलं. हरला, पहिल्याच बाऊटला म्हणजे लढतीला, पण उभा होता आणि हसत होता. वाढीच्या वयातल्या मुलाच्या अंगातलं पाणी काढून त्याला मार खायला उभं करायचं यात कसली हुशारी, शिवाय अंगात पाणी कमी असताना डोक्याला लागणं जास्त धोक्याचं असतं असं डॉक्टरही सांगतात. मी सरांशी बोलले, ते म्हणाले लहान गटात हे बंद करतो, आणि मागच्या वेळी खरंच केलं, पण सतरा-अठराच्या मुलांचं चालूच आहे. पाचातला जो एक मार्क कापला त्यातला अर्धा यासाठी.

मोठ्यांची बॅच सकाळी सहाला. यात कोण आहे तर एक रिक्षावाले दादा, दोन नर्स, आयटीतली तीन पोरं जी आठवड्यातून दोनदाच उगवतात, एक भाजीवाल्या मावशींचा मुलगा जो पोलीस भरतीची तयारी करतोय, मी, आणि साठीच्या पुढचे एक काका जे आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त दोरीवर उड्या मारतात. मोठ्यांना स्पारिंग करायलाच पाहिजे असं काही नाही, मी करत नाही आणि करणारही नाही, चाळिशीत नाक मोडून घ्यायची हौस नाही. तीन मिनिटांचा राऊंड आणि एक मिनिट आराम, असं घड्याळ लावून स्किपिंग, शॅडो, बॅग, पॅड. तीन मिनिटं ऐकायला काहीच वाटत नाहीत. बॅगसमोर उभं राहून बघा, दुसऱ्या मिनिटाला हात आपोआप खाली येतात, आणि ऑलिंपिकमध्ये असे तीन राऊंड समोर मारणारा माणूस असताना करतात हे कळलं की टीव्ही बघायची नजरच बदलते. माझी पाठदुखी कमी झाली, झोप लागते, ऑफिसात कुणी आवाज चढवला की आधी छातीत धडधडायचं ते आता होत नाही, का ते माहीत नाही पण नाही होत.

पण मोठ्यांच्या बॅचचा तोटा सांगते, स्पर्धेचा सीझन आला की आम्ही सावत्र. सर मुलांना घेऊन बाहेरगावी आणि आमच्याकडे तो असिस्टंट दादा, तो मोबाईलवर, आम्ही आपले आपण. त्या महिन्यांची फी मात्र पूर्ण. सरांना म्हटलं तर हसतात आणि म्हणतात, मॅडम तुमच्याच पोराला घेऊन गेलो होतो ना. यावर काय बोलणार!

एका मैत्रिणीने तिच्या वडिलांसाठी विचारलं होतं, त्यांना पार्किन्सन्स आहे आणि तिने कुठेतरी ऐकलं होतं की बॉक्सिंगचा उपयोग होतो. हे खरंच आहे, अमेरिकेत इंडियानापोलिसला २००६ मध्ये रॉक स्टेडी बॉक्सिंग नावाने असे वर्ग सुरू झाले, त्यात कुणी कुणाला मारत नाही, नुसता पाय टाकण्याचा, तोलाचा, मोठमोठ्याने मोजण्याचा व्यायाम. सरांना विचारलं तर ते म्हणाले मला यातलं काही येत नाही, पडले तर जबाबदारी कोण घेणार, आधी डॉक्टर आणि फिजिओला विचारा. फी मिळत असताना नाही म्हणणारा माणूस मला आवडतो.

सामानाचं. पहिले दोन महिने फक्त हाताला गुंडाळायच्या पट्ट्या घ्या, साडेचार मीटरच्या, लहान मुलाला थोड्या आखूड. पट्टी नीट बांधायला शिका, अंगठ्यापासून सुरू, मनगट तीन वेढे, मग बोटांच्या गाठी, आणि रोज धुवा, हो रोज. ग्लव्हज क्लासचे वापरता येतात पण वास इतका भयानक की पोरगं एक महिन्यात स्वतःचे मागेल. घेताना औंस बघा, सरावाला बॅगवर मोठ्या माणसाला बारा चालतात, स्पारिंगला चौदा-सोळा, म्हणजे सोळा औंसचा एक ग्लव्ह साधारण साडेचारशे ग्रॅमचा, जितका जाड तितका समोरच्याला कमी लागतो. मनगटाला रुंद वेल्क्रो पाहिजे. खेळण्यांच्या दुकानातले चमकते ग्लव्हज पहिल्या पावसाळ्यात सोलतात. मेरठ-जालंधरचे साधे चांगले येतात, कॅम्पातल्या खेळाच्या दुकानात हातात घालून बघा, ऑनलाईन माप चुकतं. माऊथगार्ड गरम पाण्यात टाकून दातात दाबून बसवायचा असतो, मुलाला दातांना तारा असतील तर मात्र दातांच्या डॉक्टरकडून करून घ्या. शूज लगेच नकोत. आणि पावसाळ्यात ग्लव्हज पिशवीत बंद ठेवलेत तर बुरशी, घरी आल्या आल्या आत वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली टाका.

शेवटचा मुद्दा पालक हळूच विचारतात तो, पुढे याचं काय. शालेय स्पर्धा आहेत, चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालच्या, जिल्हा, विभाग, राज्य असं वर जातं, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळू शकतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, फौजेत-पोलिसात खेळाडू घेतात. पण त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेचं सर्टिफिकेट लागतं, गल्लीतल्या ओपन स्पर्धेचा चार फुटी कप नाही चालत, एन्ट्री भरायच्या आधी क्रीडा अधिकारी ऑफिसला विचारून घ्या की ही स्पर्धा धरतात का. आणि बॉक्सिंगच्या वरच्या राजकारणाचा भरवसा काय सांगावा, जुन्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता ऑलिंपिकवाल्यांनी २०२३ ला काढून घेतली आणि २०२८ च्या लॉस एंजेलिसला बॉक्सिंग असणार हे पक्कं व्हायला २०२५ चा मार्च उजाडला. आपल्या बॉक्सर निखत झरीनने २०२२ आणि २०२३ लागोपाठ दोन वर्ल्ड टायटल घेतली तेव्हा तिच्याच खेळाचं ऑलिंपिकमधलं भवितव्य असं टांगलेलं होतं, विचार करा. त्यामुळे पोराला मेडलसाठी घालणार असाल तर दहादा विचार करा, आणि संध्याकाळचे दोन तास मोबाईल खाली ठेवून घामाघूम होऊन यावं, भूक लागावी एवढ्यासाठी घालणार असाल तर उद्याच घाला.

ॲडमिशन वर्षभर चालू असते पण जूनमध्ये शाळा उघडल्या की झुंबड उडते आणि ऑगस्टपर्यंत निम्मी गळतात, त्यामुळे सप्टेंबरमध्ये गेलात तर सर नीट लक्ष देतील. आधार कार्ड, दोन फोटो आणि डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट लागतं, सर्टिफिकेट खरोखर वाचतात, फिट्स किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल तर लपवू नका. गाडी खाली लावू नका, समोरचा दुकानदार हवा सोडतो. फी भरायच्या आधी एखाद्या बुधवारी संध्याकाळी जा, त्या दिवशी स्पारिंग असतं आणि बाकड्यावर बसून बघू देतात. मात्र चपला जिन्याखालीच काढा, मॅटवर चप्पल दिसली की सर वय बघत नाहीत.